उधारी तेवढी लिहा

लेखमाला : उतरलं ते टिकवायचं (लेखांक 7)

वजन उतरलं तरी शरीर ते निमूटपणे मान्य करत नाही, हे मागच्या लेखांकात आलं. मेलबर्नच्या संशोधकांनी 2011 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वजन उतरवलेल्या माणसांची एक वर्षानंतर तपासणी केली, तेव्हाही भूक वाढवणारं घ्रेलिन चढलेलं होतं आणि ‘आता पुरे’ म्हणणारं लेप्टिन उतरलेलं होतं. भूक जास्त, आवर कमी. अशा वेळी खाण्याची नोंद ठेवणं खरं तर अधिक गरजेचं असतं, आणि नेमकी याच सुमाराला वही बंद पडते.

बहुतेक जण याला स्वतःचा आळस समजतात. मला ते पटत नाही. वजन उतरत असताना काटा दर आठवड्याला बक्षीस देतो. अर्धा किलो गेला, पँट सैल झाली, शेजारणीने विचारलं. त्या कौतुकाच्या जोरावर माणूस दोन पोळ्या, एक वाटी वरण, अर्धी वाटी भात इमानाने लिहितो. पुढे वजन टिकवायची वेळ आली की सगळं नीट करूनही मिळतो तो कालचाच आकडा. त्या आकड्यासाठी रोज रात्री वही उघडायचा उत्साह कोणाला राहील? उत्साह संपणारच, असं धरूनच नोंदीची पद्धत ठरवायला हवी.

या बाबतीत नागपूरकरांना फार लांब जावं लागत नाही. दीड-दोन तासांवर सेवाग्राम आहे. 1936 पासून तिथे राहिलेल्या गांधीजींनी 1915 च्या हरिद्वारच्या कुंभमेळ्यात एक व्रत घेतलं होतं : चोवीस तासांत पाचांहून जास्त पदार्थ खायचे नाहीत आणि अंधार पडल्यावर खायचं नाही. वजनाशी त्याचा संबंध नव्हता. कारण मोठं गमतीचं आणि आपल्याकडच्या कोणालाही समजेल असं आहे. कलकत्त्याला भूपेंद्रनाथ बसूंच्या घरी उतरले असताना त्यांच्यासाठी घरातल्या बायका रात्रभर जागून सुकामेवा सोलत बसल्या होत्या. यजमानांचा असा आग्रह आणि त्रास वाचावा म्हणून ही मर्यादा. आजारपणातसुद्धा सूट नाही, हेही तेव्हाच ठरलं. आत्मकथेत ते या व्रताबद्दल लिहितात तेव्हा त्याला तेरा वर्षं झाली होती. तेरा वर्षं टिकलेला आहाराचा नियम आपल्या ओळखीत किती जणांकडे आहे?

दुसरं उदाहरण नागपूरचंच. वीस पदव्या मिळवणारा माणूस म्हणून ज्यांचं नाव आजही निघतं ते डॉ. श्रीकांत जिचकार स्वतः एमडी होते. दिवसातून दोनदाच जेवा, हा त्यांचा आग्रह होता. 2004 साली ते अपघातात गेले. पुढे लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी त्याला पक्की चौकट दिली आणि ती मराठी घराघरांत नेली : दोन जेवणं, प्रत्येक 55 मिनिटांच्या आत, आणि 45 मिनिटांत साडेचार किलोमीटर चालणं. दोनदाच जेवावं की नाही यावर आहारतज्ज्ञांत एकमत नाही. मधुमेहाची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो प्रयोग करूच नये. इथे मला त्यातलं मोजमाप तेवढं घ्यायचं आहे. गांधीजींनी पदार्थ मोजले, जिचकारांनी वेळा मोजल्या. दोन्ही हिशेब एका हाताच्या बोटांवर मावतात. कॅलरींचा हिशेब तसा मावत नाही, म्हणून तो काही महिने चालतो आणि थांबतो.

शिवाय तो फारसा खराही नसतो. 1992 साली अमेरिकेत काही लठ्ठ माणसांनी लिहिलेली नोंद आणि त्यांचं प्रत्यक्ष खाणं ताडून पाहिलं, तेव्हा त्यांनी सरासरी 47 टक्के कमी लिहिलेलं निघालं. या लोकांना आपण कमीच खातो असं मनापासून वाटत होतं. नागपुरात हे अगदी सहज घडतं, कारण इथला निम्मा हिशेब तेलात असतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 साली 528 भारतीय खाद्यपदार्थांतले घटक तपासून कोष्टकं छापली. फार मोलाचं काम आहे ते. पण त्यात हरभरा सापडेल, पोह्यांवर ओतलेल्या तर्रीचा तवंग कसा सापडणार? सावजी रश्श्यात तेल किती, हे करणाऱ्यालाच माहीत. पंधरा मिलिलिटरच्या एका मोठ्या चमच्यात तेलाच्या सुमारे 120 कॅलरी असतात. ‘थोडी तर्री अजून’ म्हटलं की असे दोन चमचे कुठे गेले ते कळत नाही, आणि वहीत फक्त ‘पोहे, एक प्लेट’ उरतं. त्या मानाने वडाभात प्रामाणिक. फोडणीचं तेल वाटीत वेगळं येतं, भातावर आपणच घालतो, चमचे मोजता येतात.

म्हणून वजन टिकवायच्या काळात वही कशी असावी, तर किराणा दुकानदाराच्या उधारीच्या वहीसारखी. रोख घेऊन जाणाऱ्याचं नाव तो लिहीत नाही. बाकी राहिली तेवढंच लिहितो. आपल्या रोजच्या जेवणाची घडी वजन उतरताना बसलेली असते. सकाळचा चहा, दोन पोळ्या, भाजी, वरण, ताक हे सगळं रोखीतलं. ते पुन्हा पुन्हा कशाला लिहायचं? लिहायचं ते घडीबाहेरचं : रविवारचे तर्रीपोहे, लग्नातलं ताट, कचेरीत कोणाच्या वाढदिवसाची संत्राबर्फी, उन्हाळ्यात रसवंतीवरचा दुसरा ग्लास. एका दिवसाला एक ओळ, आणि घडीबाहेरचं काही नसेल तर तारीख लिहून शून्य. ते शून्य मात्र लिहायचंच. कोरं पान आणि शून्य यांतला फरक महिनाअखेरीस कळतो.

एवढीशी नोंद पुरते का? अमेरिकेत 142 जणांवर झालेला एक अभ्यास 2019 साली प्रसिद्ध झाला. ज्यांचं वजन सर्वांत चांगलं उतरलं त्यांना पहिल्या महिन्यात नोंदीसाठी रोज सरासरी 23.2 मिनिटं लागत, सहाव्या महिन्यात 14.6. मिनिटं घटली तरी बिघडलं नाही. दिवसातून किती वेळा नोंद केली, याचा संबंध जास्त दिसला. हा अभ्यास वजन उतरवतानाचा आहे, टिकवतानाचा नाही, हे खरं. पण वही रोज उघडली जाणं महत्त्वाचं, पान भरगच्च असणं नव्हे, हा त्यातला धडा मी घेतो.

उधारीच्या वहीला एक मर्यादा हवी, तिच्यापुढे माल देणं बंद. ती मर्यादा म्हणजे काटा. संशोधक रीना विंग यांच्या चमूने 2006 साली याचा चांगला प्रयोग प्रसिद्ध केला. मागच्या दोन वर्षांत किमान दहा टक्के वजन उतरवलेली 314 माणसं घेतली आणि त्यांतल्या दोन गटांना वजनाचे रंग शिकवले. प्रयोगाच्या सुरुवातीच्या वजनाच्या आसपास असाल तर हिरवा, थोडं चढलं की पिवळा, पाच पौंड म्हणजे सुमारे 2.3 किलो चढलं की लाल. लाल झालं की पुन्हा वजन उतरवण्याच्या दिवसांसारखं सगळं लिहायला लागायचं. हिरव्यात राहणाऱ्यांना छोटी भेट मिळायची. काटा बक्षीस देईनासा झाला म्हणून ते संशोधकांनी दिलं, असं म्हणा ना! दीड वर्षानंतर पाच पौंड किंवा जास्त वजन परत चढलेले लोक नुसती पत्रकं मिळालेल्या गटात 72.4 टक्के होते, आणि प्रत्यक्ष भेटी होणाऱ्या गटात 45.7 टक्के. या दुसऱ्या आकड्यावरही फार हुरळून जाऊ नका, जवळजवळ निम्म्यांचं वजन चढलंच.

नागपूरकरांसाठी एक जोड द्यायला हवी. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. मे महिन्यात उन्हातून आल्यावर काटा खाली दिसतो आणि माठातलं पाणी पोटभर प्यायलं की वर. तेव्हा वजन करायचं ते सकाळी उठून, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी. आणि लाल आकडा एकदा दिसला म्हणून घाबरायचं नाही. तीन-चार दिवस तोच राहिला तर पूर्ण वही सुरू करायची, वजन हिरव्यात येईपर्यंत. मग पुन्हा उधारीवर यायचं.

महालक्ष्म्यांच्या सणाचं काय, असं दोन वाचकांनी विचारलं आहे. पुरणपोळी, आंबील, सोळा भाज्या, आणि वर वाढणाऱ्यांचा आग्रह. त्या दिवशी जेवा. मोजू नका. वहीत ‘महालक्ष्म्या’ एवढा एकच शब्द लिहा. वजन त्या जेवणाने चढत नाही, दुसऱ्या दिवशीपासून चार दिवस संपवत राहिलेल्या पुरणाने चढतं, आणि ते पुरण मात्र रोज एक ओळ मागतं.

कोणाला नोंदीचाच त्रास होत असेल, न लिहिलेल्या घासाची रात्री टोचणी लागत असेल किंवा चारचौघांत जेवणं टाळावंसं वाटत असेल, तर त्यांनी वही बंद करून डॉक्टरांशी बोलावं. बाकीच्यांनी या रविवारी सकाळी वजन करावं, त्यात 2.3 मिळवावेत आणि येणारा आकडा लाल पेनने कपाटाच्या दाराआड लिहून ठेवावा. घरच्यांनाही तो दाखवा.

पुढील आठवड्यात : नागपूरच्या उन्हाळ्यात चालायचं केव्हा आणि कुठे.