एमसीव्ही कमी म्हणजे नेहमी लोहच कमी असतं का?

सीबीसीचा रिपोर्ट हातात आला की आपण हिमोग्लोबिन बघतो आणि कागद फाइलला लावून टाकतो. आज मी तुम्हाला त्याच कागदावर थोडं खाली नेणार आहे. तिथे एमसीव्ही असं लिहिलेलं असतं.

एमसीव्ही म्हणजे तांबड्या पेशींचं सरासरी आकारमान. ते फेम्टोलिटरमध्ये मोजतात आणि मोठ्या माणसांत साधारण ८० ते १०० असतं. हे मोजतात कसं? अनेक यंत्रांत पेशी एका बारीक छिद्रातून एकेक करून जातात. त्या छिद्रातून वीज वाहत असते. पेशी जेवढी मोठी, तेवढा विजेला अडथळा जास्त. वॉलेस कूल्टर यांना या पद्धतीचं पेटंट १९५३ मध्ये मिळालं.

एमसीव्ही १०० च्या वर गेला, तर बी १२ किंवा फोलेटची कमतरता, दारू, यकृताचे किंवा थायरॉइडचे आजार यांचा विचार करतात. ८० च्या खाली आला, तर पेशी लहान आहेत. आपल्याकडे याचं सर्वांत मोठं कारण लोहाची कमतरता. पण दुसरंही एक कारण आहे, आणि आजचा मुद्दा तोच. ते म्हणजे थॅलेसेमिया मायनर.

थॅलेसेमिया मायनर हा आनुवंशिक गुण आहे. माणूस सहसा ठणठणीत असतो, पेशी मात्र जन्मभर लहानच राहतात. लोह कमी नसेल तर लोहाच्या गोळ्या वर्षभर घेऊनही एमसीव्ही वाढत नाही.

मग दोन्हींत फरक कसा ओळखायचा? रिपोर्टमध्येच एक खूण सापडते. एमसीव्हीला आरबीसीच्या आकड्याने, म्हणजे दशलक्षांतल्या संख्येने, भागा. समजा एमसीव्ही ६२ आणि आरबीसी ५.८ आहे. भागाकार येतो साधारण १०.७. तो १३ पेक्षा कमी असेल तर थॅलेसेमिया मायनरची शंका घ्यायची. एमसीव्ही ७० आणि आरबीसी ३.९ असेल तर उत्तर येतं जवळपास १८. हे लोहाच्या कमतरतेकडे झुकतं. कारण सरळ आहे. लोह नसेल तर पेशी लहानही होतात आणि कमीही बनतात. मायनरमध्ये पेशी लहान, पण संख्येने भरपूर असतात.

हा भागाकार म्हणजे निदान नव्हे. निदानासाठी फेरिटिन आणि हिमोग्लोबिन ए२ तपासावं लागतं. बीटा थॅलेसेमिया मायनरमध्ये ए२ सहसा ३.५ टक्क्यांच्या वर असतं. लोह खूप कमी असेल तर ए२ सुद्धा थोडं खाली दिसू शकतं, म्हणून दोन्ही तपासण्या एकत्र वाचायच्या.

एवढा खटाटोप कशासाठी? नवरा-बायको दोघांनाही बीटा थॅलेसेमिया मायनर असेल, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर होण्याची शक्यता २५ टक्के असते. अशा मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. सिंधी, पंजाबी, लोहाणा अशा काही समाजांत हा गुण जास्त आढळतो, पण तो कुठल्याही घरात असू शकतो.

म्हणून माझं सांगणं एवढंच. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या मनाने बंद करू नका. पण घरात कुणाचं लग्न ठरत असेल किंवा बाळाचा विचार चालू असेल, तर जुना सीबीसी काढा. एमसीव्ही ८० च्या खाली दिसला तर डॉक्टरांना थेट विचारा, "ए२ तपासून घ्यायचं का?"