मांडणीची विद्या

अंबाजोगाईस दासोपंतांची पासोडी आहे. बीड जिल्ह्यातील पुष्कळांनी तिचे नाव ऐकलेले असते, थोड्यांनी ती पाहिलेली असते. १५५१ ते १६१५ हा ज्यांचा काळ, सव्वा लाख ओव्यांचा म्हणून सांगितला जाणारा गीतार्णव ज्यांनी रचला, आणि ज्यांना लिहिण्यासाठी रोज ढबू पैशाची शाई लागे अशी आख्यायिका ज्यांच्याविषयी अद्याप सांगितली जाते, त्या दासोपंतांनी पंचीकरणाचा अवघड विषय कागदाच्या पोथीत न घालता सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद अशा जाड वस्त्रावर उतरविला. पंचीकरण म्हणजे पाच महाभूतांचे परस्परांत मिसळणे: प्रत्येक भूताचा अर्धा अंश त्याचा स्वतःचा राहतो आणि उरलेल्या अर्ध्यात इतर चौघांचा एकेक अष्टमांश येतो. हा हिशेब ओवीमागून ओवी ऐकत गेल्यास श्रोत्याच्या ध्यानात राहणे कठीण. तोच आडव्या-उभ्या घरांत मांडला की एका दृष्टिक्षेपात उलगडतो, आणि म्हणूनच पासोडीवर ओव्यांच्या जोडीला आकृत्या आणि कोष्टके आली. वाङ्मयाचे अभ्यासक तिच्यातील वेदान्त पाहतात आणि ते योग्यच आहे. मला मात्र तिच्यात, कोणता मजकूर ओळीत चालावा व कोणता घरांत बसावा, अक्षर केवढे असावे, जागा मोकळी कोठे सोडावी, समोर उभ्या असलेल्या माणसाची नजर कोठून कोठे जावी, हे प्रश्न स्वतःस विचारून त्यांची उत्तरे शाईने देणारा एक मांडणीकारही दिसतो.

महाविद्यालयांत ज्या विषयास आज ग्राफिक डिझाईन म्हणतात आणि जो शिकून चार वर्षांनी पदवी मिळते, तो विषय मुळात हाच आहे. बीड जिल्ह्यात बारावी झालेल्या मुलांपैकी ज्यांचा हात चित्रकलेत चालतो त्यांच्याशी, आणि विशेषतः त्यांच्या पालकांशी बोलताना असे जाणवते की, या शब्दाचा त्यांच्या मनातील अर्थ संगणकाच्या एका शिकवणीपुरता आक्रसलेला आहे. तालुक्याच्या गावी डीटीपीचे दुकान असते, तेथे कोरल ड्रॉ चालविणारा तरुण लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स, दुकानाच्या पाट्या आणि पावतीपुस्तके तासाभरात करून देतो. तो हे काम दोन-तीन महिन्यांत शिकलेला असतो. मग चार वर्षे आणि एवढा पैसा कशासाठी, हा पालकांचा प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचे उत्तर त्या तरुणाला कमी लेखून देता येणार नाही. त्याचा हात चलाख आहे, गिऱ्हाईक त्याच्या डोक्याशी उभे आहे, आणि रात्री अकरा वाजता आलेली पत्रिका सकाळी सातला छापून द्यावयाची आहे. त्याला जे मिळालेले नाही ते म्हणजे थांबून विचारण्याची सवड: हे कोण वाचणार, किती अंतरावरून, किती घाईत, कोणत्या उजेडात? पदवी म्हणजे ही सवड आहे, आणि ती सवड वापरावी कशी याचे शिक्षण आहे.

या शिक्षणाची पहिली पायरी मात्र जिल्ह्यातील गावोगावच्या शाळांत फार पूर्वीपासून घातलेली आहे. कला संचालनालयाच्या वतीने होणाऱ्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षांस मराठी मुलांच्या कित्येक पिढ्या बसल्या. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, कर्तव्यभूमिती व अक्षरलेखन हे त्यांतील शब्द आजही पन्नाशीच्या माणसाच्या तोंडी येतात. इंटरमिजिएटची श्रेणी दहावीच्या गुणपत्रिकेत काही वाढीव गुण देते, एवढ्याच हिशेबाने पालक आता तिच्याकडे पाहतात याचे मला वाईट वाटते. कारण संकल्पचित्रात दिलेल्या चौकोनात फूलपान बसविताना उरलेल्या पार्श्वभूमीलाही आकार असतो हे मूल प्रथम शिकते; कर्तव्यभूमितीच्या त्याच पत्रिकेत, कंपासपेटीच्या जोडीला, अक्षर हेही मापाने बांधावयाची वस्तू आहे हे त्यास प्रथम कळते; आणि पुढील चार वर्षांच्या अभ्यासक्रमाची ही दोन्ही बीजे आहेत.

पदवीच्या वाटा दोन. पहिली, जुनी वाट ललित कलेच्या पदवीची, म्हणजे बी.एफ.ए.ची, तिच्यातील आपल्या विषयाचे नाव उपयोजित कला. मुंबईच्या सर ज. जी. (जे. जे.) कलाशाळेत, जिची स्थापना १८५७ ची, १९३५ साली कमर्शियल आर्टचा विभाग निघाला; १९५८ साली त्याची स्वतंत्र संस्था झाली आणि व्ही. एन. आडारकर तिचे पहिले अधिष्ठाता झाले. कमर्शियल हा शब्द जाऊन उपयोजित हा शब्द आला यात केवळ नावाचा पालट नव्हता. कला व्यापारापुरती नसून शाळा, इस्पितळ, सरकारी दप्तर आणि रस्ता यांच्याही उपयोगी पडावयाची आहे, ही दृष्टी त्यात होती. १९६५ साली कला संचालनालय स्थापन झाले, आणि पुढे १९८१ पासून जे. जे.तील पदविकेच्या जागी विद्यापीठाची पदवी आली. मराठवाड्यासाठी शासनाचे कला महाविद्यालय १९७१ साली औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास निघाले. बीड शहरापासून ते सुमारे १३० किलोमीटर. अंबाजोगाई-परळीकडून त्याहून पुष्कळ दूर. प्रवेशासाठी राज्याची सामाईक परीक्षा द्यावी लागते आणि तिच्यातही वस्तुचित्र, स्मरणचित्र व संकल्पन हेच विषय असल्यामुळे, ज्या मुलाने इंटरमिजिएट मनापासून केली आहे त्याला ती परकी वाटत नाही.

दुसरी वाट अभिकल्पाच्या म्हणजे डिझाईनच्या पदवीची, बी.डिझ.ची. १९५८ साली चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने भारत सरकारसाठी एक अहवाल लिहिला. आपल्या घरोघरच्या पितळी लोट्याचे, तो हातात कसा बसतो, डोक्यावर वा कमरेवर कसा तोलला जातो, याचे त्यांनी केलेले विवेचन प्रसिद्ध आहे. त्या अहवालातून १९६१ साली अहमदाबादची राष्ट्रीय अभिकल्प संस्था उभी राहिली; १९६९ साली मुंबईच्या आय.आय.टी.त औद्योगिक अभिकल्प केंद्र निघाले, आणि तेथे २०१५ पासून बारावीनंतरची चार वर्षांची पदवी सुरू झाली. तिची प्रवेशपरीक्षा कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्यास देता येते, हे आपल्याकडील कला शाखेच्या मुलांस क्वचितच ठाऊक असते. जागा थोड्या आणि स्पर्धा देशभरची; तरीही ठाऊक असावे.

आता आत काय चालते ते पाहू. पहिले वर्ष पायाभूत. रेखांकन, रंग, द्विमित आणि त्रिमित संकल्पन. संगणकाला हात लावण्यापूर्वी हातानेच पुष्कळ कागद भरावे लागतात. पुढील वर्षांत अक्षरांकन व मुद्राक्षरे, बोधचित्रण, छायाचित्रण, पुस्तकाची व नियतकालिकाची मांडणी, वेष्टन, बोधचिन्ह, जाहिरातमोहीम असे विषय क्रमाने येतात आणि अखेरच्या वर्षी विद्यार्थी एखाद्या अंगाचा विशेष अभ्यास करतो. या सर्वांत मी अक्षराकडे अधिक वळतो, कारण तेथे मराठी विद्यार्थ्याची गरज इतरांहून वेगळी आहे.

रोमन लिपीचे धडे जगभरच्या पुस्तकांत तयार मिळतात. देवनागरीचे तसे मिळत नाहीत, आणि रोमनचे नियम तिला जसेच्या तसे लावले तर ती बिघडते. रोमन अक्षर पायाच्या रेघेवर उभे असते, आपले अक्षर शिरोरेषेला टांगलेले असते. त्यावर वेलांटी, मात्रा, रफार चढतात आणि खाली उकार, रुकार उतरतात. म्हणून दोन ओळींतील जे अंतर इंग्रजीला पुरते ते मराठीला अपुरे पडून वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकतो. बोरूचा काटही उलट: रोमनमध्ये डावीकडून उजवीकडे उतरणारी तिरपी रेघ जाड येते, देवनागरीत उजवीकडून डावीकडे उतरणारी. ज्याने बोरू धरून महिनाभर क, भ, ज्ञ घोटले आहेत त्याच्या बोटांस हे कळते आणि मग पडद्यावरचे एखादे अक्षर का डगमगते हेही त्याला दिसू लागते. मराठीचे म्हणून काही आकार आहेत: पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श यांना महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने प्रमाण ठरविले. अर्ध्या र चा तो बाकदार ऱ्, जो हिंदीला लागत नाही, मराठीला अत्यावश्यक आहे. लग्नाच्या यादीत आचार्यांना काय द्यावयाचे आणि आचाऱ्यांना काय द्यावयाचे यांतील भेद त्या एका रेघेवर अवलंबून असतो, आणि ज्या टंकात ती रेघ नाही तो टंक मराठी छापण्यास नालायक समजावा.

ही विद्या आपल्यातच घडलेली आहे याचाही विद्यार्थ्यास विसर पडू नये. जावजी दादाजींचे निर्णयसागर १८६९ पासूनचे. त्याच्या खिळ्यांच्या सुबकपणाची कीर्ती देशभर होती. र. कृ. जोशी यांनी जाहिरातसंस्थांत काम करीत व पुढे आय.आय.टी.त अध्यापन करीत देवनागरीचा आयुष्यभर ध्यास घेतला. संगणकावर घरोघर पोहोचलेला मंगल हा टंक त्यांचाच. कमल शेडगे यांनी नाटकांच्या आणि नियतकालिकांच्या नावांना असे रूप दिले की प्रेक्षकाने जाहिरातीतील अक्षरावरूनच नाटकाची प्रकृती ओळखावी. मुंबईच्या एक टाईप या मंडळींनी केलेला ‘मुक्त’ हा टंक तर कोणासही विनामूल्य वापरता येतो. आणि मागे जावे तर पेशवाईतील पत्र आठवावे: आरंभी शिक्का, अखेरीस मोर्तब, जेथे मजकूर संपतो तेथेच मोर्तबाची मुद्रा, म्हणजे पुढे कोणी ओळ घुसडू नये. ही तजवीज ज्याने केली त्याला मांडणीचे सामर्थ्य ठाऊक होते. निजामाच्या अमलाखाली १९४८ पर्यंत राहिलेल्या आपल्या जिल्ह्यातील कचेऱ्यांत उर्दू, घरच्या वह्यांत मोडी आणि पोथ्यांत बाळबोध अशी तीन वळणांची अक्षरे एकाच गावात नांदत होती. जुन्या वाड्यांतील ती दप्तरे म्हणजे अक्षरांकनाच्या विद्यार्थ्यास विनामूल्य मिळालेले ग्रंथालय आहे.

खर्चाचा प्रश्न टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. दसरा-दिवाळी होताच ज्या घरांतील माणसे उचल घेऊन, कोयते बांधून पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील उसाच्या फडांवर जातात, त्या घरच्या मुलाला शासकीय महाविद्यालयाचे शुल्क कदाचित झेपेल. पण राहणे, रंग, कागद, छपाई आणि दुसऱ्या वर्षापासून लागणारा संगणक यांचे ओझे शुल्काहून मोठे असते. कला संचालनालयाच्या अखत्यारीतील अभ्यासक्रमांस राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आणि डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता या योजना लागू आहेत. त्यांचे अर्ज महाडीबीटी या संकेतस्थळावर भरावयाचे असतात आणि उत्पन्नाचा दाखला तहसिलीतून वेळेवर हाती असणे ही त्यातील खरी अडचण. आईबाप फडावर जाण्यापूर्वीच हे कागद करून ठेवावेत. संगणकाच्या महागड्या प्रणालींवाचून अडू नये. इंकस्केप, जिंप, क्रिटा या विनामूल्य प्रणालींवर अभ्यासाचे बहुतेक काम निभते.

पदवीनंतर नोकरी पुण्या-मुंबईस मिळते हे खरे, आणि जो जातो त्याला दोष देण्याचे कारण नाही. तरीही जिल्ह्यातच किती काम पडले आहे याचे एकच उदाहरण देतो. बीडच्या सीताफळास २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. धारूर, अंबाजोगाईकडच्या बालाघाटाच्या माळांवरचे हे फळ तोडल्यावर तीन-चार दिवसांत पिकून मऊ पडते आणि त्याची पेटी वाशीच्या वा पुण्याच्या बाजारात पहाटे उतरते. अखेरच्या वर्षाच्या विद्यार्थ्याने ही पेटी प्रकल्पासाठी घेतली तर त्याने प्रथम एक पहाट आडतीवर काढावी. तेथे त्यास दिसेल की पेट्या एकावर एक रचलेल्या असतात आणि सुंदर चित्र असलेले झाकण कोणासच दिसत नाही. दिसते ती अरुंद बाजू, म्हणून गावाचे नाव आणि तोडणीची तारीख तेथे हवी, आणि तारीख नावाइतकीच मोठी हवी, कारण आडत्या पहिल्याने तीच शोधतो. पुठ्ठा तपकिरी आणि खडबडीत, छपाई एकाच रंगाची, शाई पसरणारी. पहिल्या नमुन्यात ध ची गाठ आणि तिच्या डोक्यावरची शिरोरेषेतील फट शाईने भरून जाईल आणि धारूरचे घारूर वाचले जाईल. मग त्याने ती गाठ मोठी काढावी, फट रुंद करावी, रेघ थोडी बारीक करावी, आणि दुसरा नमुना त्याच पुठ्ठ्यावर छापून, दहा पावलांवर ठेवून, पहाटेच्या उजेडात हमालाकडून वाचून घ्यावा.