संगणकाचे सूचकचिन्ह : रचना, बिघाड आणि दुरुस्ती

३.१ प्रास्ताविक

लालबाग-परळ हा गिरणगावाचा गाभा. कोकणातून, घाटावरून आलेल्या कामगारांच्या बोली येथील चाळींत शेजारी शेजारी नांदल्या. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर एकेक गिरणी बंद होत गेली आणि त्या बोली बोलणारी पिढीही आता विरळ होत आहे. अशा वक्त्यांच्या मुलाखतींचे लिप्यंतर संगणकावर ठेवून अभ्यासताना लिनक्स प्रणालीतील शेल, म्हणजे आज्ञा टंकून काम करण्याची खिडकी, फार उपयोगी पडते. तेथे 'आरएम' या आज्ञेने पुसलेली फाइल कचरापेटीत जात नाही. ती नाहीशीच होते. म्हणून आज्ञेपूर्वी दिसणारे सूचकचिन्ह, म्हणजेच प्रॉम्प्ट, नीट वाचता येणे आवश्यक आहे.

(या घटकात आज्ञा उच्चारानुसार देवनागरीत दिल्या आहेत. प्रत्यक्षात त्या रोमन लिपीत टंकाव्यात.)

३.२ सूचकचिन्हाचे भाषिक स्वरूप

नाटकातील प्रॉम्प्टर विसरलेला शब्द पुरवतो. संगणकाचा प्रॉम्प्ट शब्द पुरवत नाही; 'आता बोलण्याची पाळी तुमची' एवढेच सांगतो. संभाषणातील पाळी-बदलाची ही खूण होय. पुढील नमुना पाहा :

अभ्यासक@लालबाग:~/बोली$

येथे 'अभ्यासक' हे वापरकर्त्याचे खाते, 'लालबाग' हे यंत्राचे नाव आणि 'बोली' हा सध्याचा फोल्डर आहे. '~' ही खूण खात्याच्या मूळ फोल्डरची. शेवटचे '$' सामान्य अधिकार दाखवते. त्या जागी '#' दिसल्यास सर्वाधिकार हाती आहेत असे समजावे. 'मी', 'येथे' या दर्शक शब्दांचा अर्थ जसा प्रसंगानुसार ठरतो, तसाच आज्ञेचा परिणामही या तपशिलांवर ठरतो. तीच पुसण्याची आज्ञा 'बोली' फोल्डरमध्ये दिली तर संकलन नष्ट होते आणि रिकाम्या फोल्डरमध्ये दिली तर काहीच बिघडत नाही.

बॅश या शेलमध्ये ही रचना 'पीएस१' या चलात साठवलेली असते. त्यात '\यू' म्हणजे खाते, '\एच' म्हणजे यंत्र, '\डब्ल्यू' म्हणजे फोल्डरचा मार्ग आणि '\$' म्हणजे अधिकाराची खूण. यांतील रोमन अक्षरे लहान लिपीतील आहेत. मोठ्या लिपीतील 'डब्ल्यू' केवळ शेवटच्या फोल्डरचे नाव दाखवतो.

३.३ बिघाडाचे निदान

(अ) केवळ '$' दिसणे : नवे खाते उघडताना बॅशऐवजी साधा 'एसएच' शेल नेमला गेला असण्याची शक्यता असते. 'इको $०' ही आज्ञा चालू शेलचे नाव सांगते. खात्याचा शेल 'सीएचएसएच' या आज्ञेने बदलता येतो.

(आ) 'बॅश-५.१$' असे दिसणे : शेल योग्य आहे, परंतु मांडणीची फाइल वाचली गेलेली नाही. साधी खिडकी उघडल्यास बॅश '.बॅशआरसी' वाचतो. लॉगिन करून प्रवेश केल्यास मात्र तो '.बॅश_प्रोफाइल', '.बॅश_लॉगिन' आणि '.प्रोफाइल' यांपैकी या क्रमाने प्रथम सापडणारी एकच फाइल वाचतो. म्हणून या फाइलमध्ये '.बॅशआरसी' वाचण्याची सूचना आहे का, ते तपासावे.

(इ) केलेला बदल टिकत नाही : खिडकीत थेट बदललेला 'पीएस१' त्या खिडकीपुरताच राहतो. कायम बदलासाठी तो '.बॅशआरसी'मध्ये लिहावा.

(ई) लांब आज्ञा स्वतःच्याच ओळीवर चढणे : रंगासाठी घातलेले संकेत पडद्यावर दिसत नाहीत, तरी शेल त्यांची रुंदी मोजतो. ते '\[' आणि '\]' यांच्यामध्ये ठेवावेत.

(उ) देवनागरी नावांमुळे कर्सर भरकटणे : हा भाग आपल्या विषयाशी थेट निगडित आहे. 'लालबाग' या शब्दात वाचकाला चार अक्षरे दिसतात : ला, ल, बा, ग. युनिकोडमध्ये काना स्वतंत्र मोजला जात असल्याने तेथे सहा संकेतचिन्हे होतात आणि यूटीएफ-८ पद्धतीत प्रत्येकी तीन याप्रमाणे अठरा बाइट. भाषामांडणी 'सी' असल्यास शेल प्रत्येक बाइट वेगळे अक्षर मानतो व अठरा जागा धरून चालतो. 'लोकॅल' या आज्ञेने मांडणी पाहावी आणि 'लँग' या चलात 'एमआर_आयएन.यूटीएफ-८' हे मूल्य द्यावे. ही मांडणी यंत्रावर उपलब्ध आहे की नाही, ते 'लोकॅल -ए' दाखवते.

३.४ दुरुस्तीची शिस्त

प्रथम फाइलची प्रत काढावी. एका वेळी एकच बदल करावा. जुनी खिडकी उघडी ठेवून नव्या खिडकीत परिणाम पाहावा; चूक झाल्यास जुन्या खिडकीतून प्रत परत ठेवता येते. सूचकचिन्ह संशयास्पद वाटल्यास पुसण्याची आज्ञा देण्यापूर्वी 'हूअ‍ॅमआय' आणि 'पीडब्ल्यूडी' या आज्ञांनी खाते व स्थान यांची खात्री करावी.

३.५ सारांश

सूचकचिन्ह हे कर्ता, स्थान आणि अधिकार सांगणारे छोटे विधान आहे. बिघाड शोधताना शेल, फाइल, चल आणि भाषामांडणी या क्रमाने तपासावे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. सूचकचिन्ह आणि दर्शक शब्द यांतील साम्य सोदाहरण स्पष्ट करा.
२. 'चिंचपोकळी' या शब्दातील अक्षरे, संकेतचिन्हे आणि बाइट मोजा. (उत्तर : ५, ९, २७)
३. सूचकचिन्हाच्या शेवटी '#' दिसत असताना संकलनाची फाइल पुसण्यापूर्वी आपण काय तपासाल?