येळवशीला जवळ, आर्द्राला दूर

मार्गशीर्षातली अमावास्या. बीड जिल्ह्यात अंबाजोगाई, केजकडे तिला वेळ अमावास्या म्हणणारे कमी, येळवस म्हणणारे जास्त. शेतात कडब्याची कोप उभी असते, समोर भज्जी, उंडे आणि माठातली आंबील. ज्वारीच्या पानांवरचं दव अजून सुकलेलं नसतं. लेकरं सावलीतून उठून उन्हात येऊन बसतात, म्हातारी माणसं शाल सोडत नाहीत.

येळवस येते डिसेंबरच्या उत्तरार्धात किंवा जानेवारीच्या पूर्वार्धात. आणि वर्षभरात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते तीही याच सुमारास, ३ ते ५ जानेवारीच्या आसपास. तेव्हा अंतर असतं १४ कोटी ७१ लाख किलोमीटर. उलट जुलैच्या पहिल्या आठवड्यात, आर्द्रा सरून पुनर्वसू लागायच्या बेतात असतं तेव्हा, सूर्य सर्वांत लांब असतो: १५ कोटी २१ लाख किलोमीटर. म्हणजे तिफण चालते तेव्हा सूर्य लांब आणि हुरडा भाजतो तेव्हा जवळ.

आपल्याकडच्या जुन्या ज्योतिर्विदांना हे ठाऊक होतं. सूर्य सर्वांत लांब असताना आकाशात जिथे सर्वांत संथ सरकतो त्या बिंदूला ते मंदोच्च म्हणत आणि तो मिथुन राशीत धरत. त्यांच्यापैकीच, ११५० साली ‘सिद्धांतशिरोमणी’ लिहिणाऱ्या भास्कराचार्यांनी आपलं गाव विज्जलविड असं सांगितलं आहे. ते म्हणजे बीडच असं मानणारे अभ्यासक आहेत, तसेच ते पाटणादेवीच्या परिसरात शोधणारेही आहेत. वाद काही मिटलेला नाही.

मग जवळ असूनही थंडी का? पृथ्वीचा आस २३.४ अंशांनी कललेला आहे म्हणून. जानेवारीच्या सुरुवातीला बीडला भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४८ अंश वर चढतो. मेच्या मध्याला तो थेट माथ्यावर येतो आणि अंगणातल्या खांबाची सावली क्षणभर खांबाच्या बुडाशीच विरते. या कलापुढे ५० लाख किलोमीटरचा फरक फिका पडतो. जानेवारीत पृथ्वीला जुलैपेक्षा सात टक्के जास्त ऊन मिळतं, एवढाच त्याचा हिशेब.

पण फरक एवढा थोडा आहे, हेच आपलं नशीब. पृथ्वीची कक्षा जवळजवळ गोल आहे. मंगळाची बरीच लांबट आहे. आणि दूरच्या एका ताऱ्याभोवती फिरणारा एचडी ८०६०६ बी हा ग्रह तर १११ दिवसांच्या फेरीत ताऱ्यापासून लांब जातो आणि मग भोवऱ्यात सापडल्यासारखा त्याच्याजवळून झपकन निघतो. असं जवळून जाताना सहा तासांत त्याचं तापमान सुमारे ५०० अंशांवरून १२०० अंशांवर गेल्याचं स्पिट्झर दुर्बिणीने टिपलं. असल्या ठिकाणी बी रुजायचं कसं?

आपली कक्षाही कायमची एकसारखी नाही. जवळचा बिंदू ऋतूंमधून हळूहळू सरकतो आणि सुमारे २१ हजार वर्षांत पूर्ण फेरी मारतो. अकरा हजार वर्षांपूर्वी तो येळवशीच्या दिवसांत नव्हता, आपल्या उन्हाळ्यात होता. उत्तर गोलार्धातली जमीन आजच्यापेक्षा जास्त तापायची, समुद्रावरचं वारं जास्त ओढलं जायचं आणि मॉन्सून जोरकस असायचा. याचा पुरावा बीडपासून फार लांब नाही, बुलढाण्यातल्या लोणार सरोवराच्या गाळात आहे. सुष्मा प्रसाद आणि सहकाऱ्यांनी तळातून काढलेल्या गाळाचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. सुमारे ११,४०० वर्षांपूर्वी पाऊस वाढल्याच्या खुणा त्यात आहेत. पुढे पाऊस उतरत गेला आणि दोन कालखंडांत, ४,६०० ते ३,९०० आणि २,००० ते ६०० वर्षांपूर्वी, दीर्घ अवर्षणं पडली. तेव्हा सरोवर आटून गेलुसाइट नावाच्या क्षाराचे स्फटिक गाळात बसले. या अवर्षणांमागे प्रशांत महासागराच्या उबदार पाण्याचाही हात होता, एकट्या कक्षेला दोष देता येत नाही. तरी १९७२ चा दुष्काळ आठवणाऱ्या, छावण्या पाहिलेल्या जिल्ह्याने हे वाचावं असं मला मनापासून वाटतं. आपल्या आभाळाची ओढ फार जुनी आहे.

कक्षा ऊन देते. ते ऊन राखायचं की उधळायचं, हे हवा ठरवते. चंद्र सूर्यापासून आपल्याइतकाच दूर, पण त्याला हवा नाही, म्हणून तिथे दुपारी १२० अंश आणि रात्री उणे १३० च्याही खाली. पृथ्वीवर उष्णता धरून ठेवणारे वायू नसते तर सरासरी तापमान उणे १८ असतं. आज ते १५ च्या आसपास आहे. शुक्राची गोष्ट आणखी बोलकी. तो सूर्याच्या जवळ आहे खरा, पण त्याचे पांढरे ढग तीन चतुर्थांश ऊन परतवून लावतात, त्यामुळे तो पृथ्वीपेक्षाही कमी ऊन शोषतो. तरीही त्याचा पृष्ठभाग ४६० अंशांवर तापलेला, कारण त्याच्या दाट हवेत ९६ टक्के कार्बन डायऑक्साइड आहे.

आता यात बीडचा संबंध कुठे? स्वयंपाकघरात जाऊन बघू. बोअरचं पाणी आंघोळीला तापवायचं पातेलं घ्या. बुडाशी पांढरा, खरखरीत थर असतो. चिंच घासली तरी पुरता निघत नाही. पाणी जड आहे, एवढं म्हणून आपण सोडून देतो. पण हा थर कुठून आला ते पाहण्यासारखं आहे. पाऊस हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन खाली येतो, मातीत मुळं सोडतात तोही त्यात मिसळतो, आणि पाणी किंचित आंबट होतं. ते आंबट पाणी बालाघाटाच्या काळ्या पाषाणात मुरतं आणि दगडातलं कॅल्शियम सोडवून घेतं. पातेल्यात तापल्यावर हे कॅल्शियम आणि पाण्यात मिसळलेला तो वायू यांची चुनखडी बनून बुडाशी बसते. म्हणजे त्या थरातलं कॅल्शियम ज्वालामुखीच्या दगडातलं आणि कार्बन हवेतला.

हेच काम सगळ्या पृथ्वीवर चालू आहे. नद्या हा ऐवज समुद्रात नेतात, शंख-शिंपल्यांत आणि चुनखडकात तो साठतो. शुक्राच्या हवेत जेवढा कार्बन डायऑक्साइड आहे, जवळपास तेवढाच पृथ्वीकडेही आहे, फक्त आपला दगडात बंद आहे. १९८१ साली वॉकर, हेज आणि कास्टिंग या तिघांनी त्यातली खुबी मांडली. ऊब वाढली की पाऊस वाढतो, दगड लवकर कुजतो, हवेतला वायू कमी होतो आणि पृथ्वी निवते. फार गारठा पडला की कुजणं मंदावतं, ज्वालामुखींचा वायू साचत जातो आणि पुन्हा ऊब येते. सूर्य जन्मला तेव्हा आजच्यापेक्षा सुमारे ३० टक्के मंद होता. तरीही पृथ्वीवर पाणी टिकलं, त्यात या कुजण्याचा वाटा मोठा आहे असं मानतात.

बीड जिल्हा जवळजवळ सगळा या काळ्या पाषाणावर, म्हणजे बेसॉल्टवर बसला आहे, आणि बेसॉल्ट हा इतर बऱ्याच दगडांपेक्षा लवकर कुजणारा. विहीर खोदताना ते दिसतं: वर काळी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या, खाली काळा पाषाण, आणि मध्येच एखादी विटेसारखी तांबडी पट्टी. ती पट्टी म्हणजे दोन लाव्हांच्या मधल्या काळात उघड्यावर कुजलेला जुना पृष्ठभाग. हे लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी वाहिले तेव्हा त्यांनी हवेत प्रचंड वायू ओतले. पुढे तोच दगड वायू परत घेऊ लागला. भारताचा तुकडा उत्तरेकडे सरकताना विषुववृत्ताच्या दमट पट्ट्यातून गेला, तिथे हा बेसॉल्ट झपाट्याने कुजला आणि पृथ्वी थंड व्हायला त्याचा हातभार लागला, अशी मांडणी केंट आणि मुत्तोनी यांनी २००८ मध्ये केली आहे.

हा कारभार लाखो वर्षांच्या गतीने चालतो. गेल्या दोनशे वर्षांत आपण हवेतला कार्बन डायऑक्साइड दहा लाखांत २८० भागांवरून ४२० च्या वर नेला, तो एवढ्या लवकर आवरणं या दगडाला जमणारं नाही.

नांगरटीनंतर काळ्या रानात पांढरे, वेडेवाकडे चुनखडीचे खडे वर येतात. जमीन चुनखडीची म्हणून शेतकरी हळहळतो, आणि ते खरंही आहे, पिकं पिवळी पडतात. त्यातला एक खडा धुऊन ताटलीत ठेवा आणि त्यावर लिंबू पिळा. बारीक फेस येईल, कान जवळ नेला तर सुरसुर ऐकू येईल. खडा कधी काही हजार वर्षांचा असतो. त्या काळच्या पावसाने आणि मुळांनी मातीत नेलेला तो वायू, इतकी वर्षं रानात बंद होता, ताटलीतून निघून हवेत मिसळतो.