विद्यार्थ्यांचे संगणक आणि विषाणुरोधक आज्ञावलीची निवड

वसतिगृहाच्या खोलीतील संगणक विद्यार्थ्याच्या मालकीचा असतो. तो ज्या जाळ्याला जोडला जातो ते जाळे मात्र विद्यापीठाचे असते. कार्यालयातील यंत्रावर कोणती आज्ञावली ठेवावयाची हे विद्यापीठास स्वतः ठरविता येते; विद्यार्थ्याच्या यंत्राविषयी त्यास फार तर अट घालता येते. विषाणुरोधक आज्ञावली, म्हणजे रूढ भाषेत अँटिव्हायरस, निवडण्याचा प्रश्न विद्यापीठापुढे निराळ्या स्वरूपात उभा राहतो तो या भेदामुळे. सर्वाधिक विषाणू कोणती आज्ञावली पकडते, एवढेच पाहून हा निर्णय करता येत नाही. आपल्या ताब्यात नसलेल्या हजारो यंत्रांवर वर्षभर चालू आणि अद्ययावत राहील अशी व्यवस्था कोणती, हे त्यात मुख्यतः पाहावे लागते.

विषाणू आणि विद्यापीठे यांचा संबंध प्रारंभापासूनचा आहे. १९८३ साली दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील विद्यार्थी फ्रेड कोहेन याने स्वतःची प्रत दुसऱ्या आज्ञावलीत घुसविणारी आज्ञावली प्रयोगादाखल रचली. सामाईक संगणकावर तिचे पाच प्रयोग झाले आणि पाचही वेळा एका तासाच्या आत तिने त्या संगणकाचे सर्वाधिकार मिळविले. १९८७ च्या नोव्हेंबरात पेनसिल्व्हेनियातील लीहाय विद्यापीठात, विद्यार्थ्यांच्या हातोहाती फिरणाऱ्या फ्लॉपी तबकड्यांमधून एक विषाणू पसरला. चार प्रती झाल्या की तो तबकडीवरील सर्व मजकूर पुसून टाकी. पुढल्याच वर्षी, २ नोव्हेंबर १९८८ रोजी, कॉर्नेल विद्यापीठातील एका पदवीोत्तर विद्यार्थ्याने सोडलेला ‘वर्म’ कोणाचाही हात न लागता जाळ्यातून यंत्रायंत्रांत शिरला. तबकडी एकाची एकाकडे जाते. जाळे सर्वांना एकाच वेळी जोडते. एका विद्यार्थ्याचे दुर्लक्ष इतरांस भोवू शकते ते यामुळे.

विषाणुरोधक आज्ञावली तीन प्रकारांनी काम करते. ज्ञात विषाणूंच्या खुणांची यादी बाळगून प्रत्येक फाइल त्या यादीशी ताडून पाहणे, हा पहिला प्रकार. फाइल चालू झाल्यावर तिचे वर्तन संशयास्पद आहे काय हे पाहणे, हा दुसरा. तीच फाइल अन्यत्र किती यंत्रांवर आढळते यावरून तिची विश्वासार्हता ठरविणे, हा तिसरा. यांपैकी कोणताही परिपूर्ण नाही, आणि तो तसा होणारही नाही. कोहेनने याची सिद्धता दिली आहे. समजा, प्रत्येक विषाणू अचूक ओळखणारी परीक्षक आज्ञावली अस्तित्वात आहे. मग अशी एक आज्ञावली लिहावी की, जी प्रथम त्या परीक्षकास स्वतःविषयी विचारील. परीक्षकाने तिला विषाणू म्हटले तर ती स्वस्थ बसेल आणि निर्दोष म्हटले तर पसरू लागेल. परीक्षकाचे कोणतेही उत्तर चुकीचेच ठरते. म्हणून शंभर टक्के संरक्षणाचे आश्वासन देणारी जाहिरात तर्काच्याच कसोटीवर उतरत नाही.

जर्मनीतील एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातील एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज या संस्था निरनिराळ्या विषाणुरोधकांची परीक्षा घेऊन निष्कर्ष प्रसिद्ध करतात. ते वाचताना पकडलेल्या विषाणूंच्या टक्केवारीइतकेच लक्ष निर्दोष फाइलींवर घेतलेल्या खोट्या संशयाकडे द्यावयास हवे. उदाहरणादाखल, एका यंत्रावर एक लाख फाइली आहेत आणि लाखांत एकच फाइल चुकून दोषी ठरते असे धरले, तर पाच हजार यंत्रांवर पाच हजार खोटे इशारे निघतात. हा उपद्रव विद्यापीठात अधिक जाणवतो. कारण तेथील विद्यार्थी स्वतःच आज्ञावल्या लिहीत असतात. काल सायंकाळी तयार झालेली फाइल जगात दुसऱ्या कोणत्याच यंत्रावर नसते, आणि तेवढ्यावरूनच ती संशयित ठरू शकते. वारंवार खोटे इशारे पाहून कंटाळलेला विद्यार्थी शेवटी रक्षकालाच बंद करून टाकतो.

खोट्या संशयाचे परिणाम याहून गंभीरही होतात. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफी कंपनीच्या एका सदोष अद्यतनाने विंडोज एक्सपीमधील एक आवश्यक फाइल विषाणू समजून अडकवून ठेवली. यंत्रे पुनःपुन्हा बंद होऊन सुरू होऊ लागली आणि जाळ्यापासून तुटली. त्यामुळे दुरुस्तीसाठी एकेका यंत्रापाशी जावे लागले. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइकच्या सदोष अद्यतनामुळे जगातील सुमारे पंच्याऐंशी लाख विंडोज यंत्रे कोलमडली. अशा आज्ञावल्यांना यंत्राचे सर्वोच्च अधिकार द्यावे लागतात. म्हणून विद्यार्थ्याच्या खाजगी यंत्रावर त्यांची सक्ती करण्यापूर्वी, त्या कोणती माहिती गोळा करतात आणि ती कोण पाहू शकतो, याचा खुलासा करणे विद्यापीठाचे कर्तव्य ठरते.

मात्र विषाणू ओळखता न येणे हेच प्रत्येक उपद्रवाचे कारण असते असे नाही. ऑगस्ट २००३ मध्ये पसरलेला ‘ब्लास्टर’ ज्या दोषातून आत शिरला, त्या दोषावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने जवळजवळ महिनाभर आधी, १६ जुलै रोजी, उपलब्ध केली होती. मे २०१७ मधील ‘वॉनाक्राय’च्या बाबतीतही दुरुस्ती दोन महिने आधीच निघालेली होती. यंत्राची मूळ प्रणाली अद्ययावत नसेल, तर तिच्यावर कितीही महागडा रक्षक बसविला तरी दार उघडेच राहते.

विद्यापीठाचे किती नुकसान होऊ शकते याची कल्पना नेदरलँड्समधील मास्त्रिख्त विद्यापीठाच्या उदाहरणावरून येते. ऑक्टोबर २०१९ मध्ये तेथे आलेल्या फसव्या पत्रांतील दुवा उघडला गेला. हल्लेखोर दोन महिने जाळ्यात वावरले आणि २३ डिसेंबर रोजी त्यांनी २६७ सर्व्हरांवरील माहिती कुलूपबंद केली. काही राखीव प्रतीही जाळ्यालाच जोडलेल्या असल्याने त्याही निकामी झाल्या. संशोधकांची आणि विद्यार्थ्यांची वर्षानुवर्षांची कामे वाचविण्यासाठी विद्यापीठास अखेर ३० बिटकॉइन खंडणी द्यावी लागली. जाळ्यापासून विलग ठेवलेली राखीव प्रत हा अशा वेळी शेवटचा आधार असतो, आणि प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यासही हे तितकेच लागू पडते.

या सर्व विवेचनावरून निवडीचे काही नियम निघतात. विद्यापीठाच्या मालकीच्या प्रयोगशाळांतील यंत्रांवर एका केंद्रातून नियंत्रित होणारी एकच आज्ञावली असावी. खर्च करावयाचा तो येथे. विद्यार्थ्यांच्या यंत्रांवर विशिष्ट उत्पादनाची सक्ती न करता, चालू आणि अद्ययावत असलेला कोणताही मान्यताप्राप्त विषाणुरोधक स्वीकारावा. विंडोज १० आणि ११ मध्ये ‘डिफेंडर’ मुळातच असतो, आणि बहुतेक विद्यार्थ्यांना तो पुरेसा आहे. तथापि विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असल्याने ती प्रणाली वापरणाऱ्यांनी पुढील सोय पाहणे अगत्याचे आहे. पुण्यात उदयास आलेल्या क्विक हीलसारखे विकत मिळणारे पर्यायही आहेत. परंतु पहिल्या वर्षी घेतलेल्या परवान्याचे दुसऱ्या वर्षी नूतनीकरण झाले नाही, तर त्याचा उपयोग राहत नाही. दोन विषाणुरोधक एकाच वेळी चालवू नयेत. ते एकमेकांच्या कामात अडथळा आणतात.

याशिवाय वसतिगृहांचे जाळे परीक्षा विभाग आणि संशोधन विभाग यांच्या जाळ्यांपासून वेगळे ठेवणे अवश्य आहे. प्रत्येक विषाणू ओळखणे जर तत्त्वतःच अशक्य असेल, तर एखादा विषाणू केव्हातरी निसटणार हे गृहीत धरूनच योजना आखली पाहिजे. निसटलेला विषाणू किती दूर जाऊ शकेल, हे विषाणुरोधकाच्या नावापेक्षा जाळ्याच्या रचनेवर आणि राखीव प्रतींच्या शिस्तीवर अधिक अवलंबून असते.