वेगवान् मोटारीचीं चाकें आणि टायर



माझें सारें आयुष्य मुलांना गणित शिकविण्यांत गेलें. मॅट्रिकपलीकडे मी शिकलों नाहीं आणि मोटार तर जन्मांत कधीं चालविली नाहीं. तेव्हां वेगवान् गाड्यांच्या चाकांविषयीं मीं बोलावें याचें पुष्कळांस नवल वाटेल. परंतु माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचें टायरचें दुकान आमच्या घराच्या वाटेवर आहे. निवृत्त झाल्यापासून सकाळचा फेरफटका आटोपला कीं मी तेथें घटकाभर स्टुलावर टेकतों. गिऱ्हाइकें येतात, जातात, वाद घालतात. आणि ऐकतां ऐकतां माझ्या ध्यानांत आलें कीं, या वादांतला बहुतेक भाग सातव्या इयत्तेच्या गणिताचाच आहे.

या गणिताची गरज मला घरींच पडली. माझ्या पुतण्यानें एक चपळ जर्मन बनावटीची गाडी वापरलेली म्हणून विकत घेतली. तिला मूळचीं सतरा इंची चाकें होतीं. चिरंजीवांचें मन तेवढ्यावर भरेना. "काका, मोठीं चाकें घातलीं कीं गाडीचें रूप पालटतें आणि रस्त्यावरची पकडहि वाढते," असें त्याचें म्हणणें. रूपाविषयीं मी वाद घालीत नाहीं, तो ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न. पकडीची गोष्ट मात्र तपासून पाहण्यासारखी होती.

प्रथम टायरच्या बाजूवर, जिला दुकानांत साइडवॉल म्हणतात तिच्यावर, काय छापलेलें असतें तें वाचावयास शिकूं. पुतण्याच्या गाडीवर लिहिलें होतें: २२५/४५ आर १७ ९१ डब्ल्यू. यांतील २२५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्यें. ४५ ही उंची नव्हे, तर उंचीचें रुंदीशीं असलेलें शेंकडा प्रमाण. आर म्हणजे रेडियल बांधणी. ही मिशेलिन कंपनीनें १९४६ सालीं विकसित केली व आज बहुतेक सर्व मोटारींना तीच असते. १७ हा रिमेचा व्यास, आणि तो इंचांत! एकाच ओळींत मिलिमीटर, शेंकडेवारी आणि इंच. असा प्रश्न मीं परीक्षेंत घातला असता तर तपासणीस आलेल्या साहेबांनीं माझी कानउघाडणी केली असती.

आतां हिशेब करूं. २२५ चे शेंकडा ४५ म्हणजे १०१ मिलिमीटरहून किंचित् अधिक. ही उंची रिमेच्या वर एकदां व खालीं एकदां, म्हणून दुप्पट: २०२.५. सतरा इंच म्हणजे ४३१.८ मिलिमीटर. बेरीज ६३४.३. हा संपूर्ण चाकाचा व्यास झाला. रिम अठरा इंची घेऊन टायर मात्र त्याच ४५ प्रमाणाचा ठेवला तर व्यास ६५९.७, म्हणजे शेंकडा चारांनीं अधिक होतो. चाक एका फेऱ्यांत अधिक अंतर तोडील, आणि वेगदर्शक १०० दाखवील तेव्हां गाडी आधींच्या मानानें १०४ नें धांवत असेल. म्हणून रिम वाढली कीं टायरची उंची कमी करावी लागते. २२५/४० आर १८ घेतल्यास व्यास ६३७.२ येतो, फरक तीन मिलिमीटरांचाहि नाहीं. जर्मनीच्या फोक्सवॅगन गोल्फ गाडीवर कारखान्यांतूनच २०५/५५ आर १६, २२५/४५ आर १७ आणि २२५/४० आर १८ अशीं तीन मापें बसवितात. तिघांचे व्यास काढून पाहावे. ते सहा मिलिमीटरांच्या आंत येतात.

पण हा हिशेब बरोबर जमला म्हणून काम संपलें असें नव्हे. व्यास तोच राहिला, तर मग बदललें काय? बदलली ती रिम व रस्ता यांमधली हवेची गादी. सतरा इंचांत ती १०१ मिलिमीटर होती, अठरांत ९०, आणि २३५/३५ आर १९ घेतला तर अवघी ८२. गाडीचा भार रबर पेलीत नसून आंतली हवा पेलीत असते, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. गादी बुटकी झाली कीं वळणावर ती कमी वांकते, आणि सुकाणूचा हुकूम चाकापर्यंत लवकर पोंचतो. वेगानें गाडी हांकणाराला हाच ताजेपणा आवडतो, आणि तो खोटा नाहीं. परंतु खड्डा आला कीं तीच गादी मधें दबून रिम व खड्ड्याची कड यांच्या चिमटींत सांपडते. आंतले दोरे तुटतात, बाहेरून रबर शाबूत दिसतें, आणि कांहीं दिवसांनीं त्या जागीं फुगा येतो.

रुंद टायरानें पकड वाढते काय? चाकावरचा भार समजा ४०० किलो व आंतली हवा ३३ पौंडांची. ३३ पौंड म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारें २.३ किलो. भागाकार केला तर रस्त्याला टेकणारी जागा स्थूलमानानें १७० चौरस सेंटिमीटर येते, म्हणजे बोटांसकट पसरलेल्या हाताच्या पंजाएवढी. टायर रुंद घेतला म्हणून हा भागाकार फारसा बदलत नाहीं. तो पंजा आडवा रुंद व लांबीला आंखूड होतो इतकेंच. वळणावर त्याचा कांहीं फायदा असतो. पण खरी पकड रबराच्या मिश्रणांतून येते.

मग गाडी बनविणारे मोठीं चाकें देतात तरी कां? एक प्रामाणिक कारण आहे: जोरदार गाडीला मोठे ब्रेक लागतात, आणि ब्रेकची थाळी चाकाच्या पोटांत मावली पाहिजे. बाकी पुष्कळसा भाग दिखाव्याचा. पुतण्याला मीं एकच उदाहरण दिलें. फॉर्म्युला वन शर्यतींतल्या गाड्या २०२१ सालापर्यंत अवघ्या तेरा इंची रिमेवर, जाडजूड बाजूंच्या टायरांवर धांवत होत्या. २०२२ सालीं त्यांना अठरा इंची रिम दिली, तीहि मुख्यतः रस्त्यावरच्या गाड्यांशीं साम्य यावें म्हणून. शिवाय मोठी रिम बहुधा जड असते, आणि तिचें वजन चाकाच्या कडेकडे सरकलेलें असतें. जें वजन गरगर फिरवावयाचें आणि स्प्रिंगांच्या खालीं राहून प्रत्येक खड्ड्यांत आपटावयाचें, तें वेगवान् गाडीला सर्वांत नकोसें. घडीव अलॉय हलकें असतें, पण महाग. बाजारांत मिळणारें स्वस्त अलॉय ओतीव असतें. खड्ड्यांत लोखंडी चाक वांकतें, ओतीव अलॉयला तडा जाऊं शकतो.

इतकें ऐकूनहि पुतण्यानें अठरा इंची चाकें घेतलींच, आणि तीं दुसरीकडून, कारण माझ्या विद्यार्थ्यानें नको म्हटलें होतें. पुढें घरांतल्या पांच माणसांनीं, त्यांत दोन नातवंडें, समृद्धि महामार्गानें नागपूरला जाण्याचें ठरलें. निघण्याच्या आदल्या सकाळीं केवळ हवा पाहण्यासाठीं गाडी दुकानांत आणली. विद्यार्थ्यानें चाक वळवून आंतल्या बाजूनें हात फिरविला आणि मला म्हणाला, "गुरुजी, इकडे या." पुढच्या डाव्या टायरच्या आंतल्या अंगास लिंबाएवढा फुगा होता. बाहेरून उभें राहून पाहणाराला तो कधींच दिसला नसता. ज्या रस्त्यावर मोटारींना ताशीं १२० किलोमीटरांची मुभा, तेथें दुपारच्या उन्हांत तापलेल्या काँक्रीटवर त्या फुग्याचें काय झालें असतें, याचा विचार करून मला त्या रात्रीं झोंप लागली नाहीं.

त्यानंतर आम्हीं त्या टायरवरचा भारांक वाचला. मूळचा होता ९१, म्हणजे एका टायरनें ६१५ किलो पेलावे. नव्यावर होता ८८, म्हणजे ५६० किलो. एका आंसावर ११० किलोंची सोय कमी झाली होती. त्याच मापाचा, पण अधिक भाराचा टायर मिळतो. त्यावर एक्सेल अशीं दोन अक्षरें व ९२ हा अंक असतो, आणि तो ६३० किलो पेलतो. त्याला हवा मात्र अधिक लागते. गिऱ्हाइकानें विचारलें नाहीं, दुकानदारानें सांगितलें नाहीं. माप जुळलें एवढ्यावर दोघेहि खूष. भारांकाशेजारचें अक्षर वेगाचें: एच २१० किलोमीटर, व्ही २४०, डब्ल्यू २७०, वाय ३००. गाडीबरोबर आलेल्या अंकाच्या किंवा अक्षराच्या खालीं कधीं उतरूं नये. रिमेचा ऑफसेट व मधल्या भोंकाचें मापहि तसेंच जुळवावें. ऑफसेट चुकला कीं चाक बाहेर येतें, बेअरिंगवर ताण पडतो आणि टायर मडगार्डला घांसतो.

आतां टायरच्या जाती. साधा टूरिंग टायर टिकाऊ, शांत व मध्यम पकडीचा. त्यावरचा वर्ग वेगवान् गाड्यांच्या टायरांचा. मिशेलिन पायलट स्पोर्टसारखे टायर यांत येतात. त्यांचें रबर मऊ, पकड उत्तम, आयुष्य कमी. यांना परदेशांत उन्हाळी टायर म्हणतात, पण नांवावर जाऊं नये. ते पावसांतहि उत्तम चालतात, फक्त थंडी त्यांना सोसत नाहीं. सुमारें सात अंशांखालीं त्यांचें रबर ताठरतें. जर्मनींत राहणारी माझी भाची म्हणून थंडींत गाडीला वेगळे टायर घालते. बर्फाळ रस्त्यावर तेथें तसा कायदाच आहे. आपल्याकडे त्या खर्चाची जरुरी नाहीं. तिसरी जात अर्ध्या शर्यतीच्या टायरांची, ज्यांना सेमी-स्लिक म्हणतात. चेन्नई वा कोइमतूरच्या शर्यतीच्या मैदानावर ते सोनें. श्रावणांत आंबोली घाटांत ते घालणाराला मी धाडसी म्हणणार नाहीं, दुसरा शब्द वापरीन.

कारण पाऊस. टायरवरची नक्षी शोभेची नसून पाणी बाहेर फेंकणारीं तीं गटारें आहेत. पाणी निघून गेलें नाहीं तर चाक पाण्यावर तरंगतें आणि सुकाणू व ब्रेक दोन्ही निकामी होतात. विमानांच्या टायरांवर अमेरिकेंत केलेल्या प्रयोगांतून एक ठोकताळा निघाला: हवेच्या पौंडांचें वर्गमूळ घेऊन १०.३५ नें गुणावें, म्हणजे गुळगुळीत टायर ज्या वेगास तरंगेल तो वेग मैलांत येतो. ३३ पौंडांना सुमारें ९६ किलोमीटर, २५ पौंडांना ८३. हवा कमी ठेवली कीं संकट तेरा किलोमीटर अलीकडे येतें. मोटारीच्या नव्या, खोल नक्षीच्या टायरला बरीच सवलत मिळते, पण रुंद टायर अरुंदापेक्षां लवकर तरंगतो. आपल्या कायद्यानें मोटारीच्या नक्षीची खोली १.६ मिलिमीटरपेक्षां कमी चालत नाहीं. ती शेवटची मर्यादा आहे. पावसाळ्यापूर्वीं तीन मिलिमीटरांखालीं उतरलेला टायर मी तरी बदलावयास लावीन. दोनच नवे घेतले तर ते मागें घालावेत. पुढचें चाक घसरलें तर गाडी सरळ जाते व माणूस आपसूक वेग कमी करतो. मागचें घसरलें तर गाडी गर्रकन् फिरते.

वापरलेला वा दुकानांत पडून राहिलेला टायर घेतांना डी-ओ-टी या अक्षरांपुढचे शेवटचे चार आंकडे पाहावे. ३५२३ म्हणजे २०२३ सालच्या पस्तिसाव्या आठवड्यांत बनलेला.

आमची नागपूरची यात्रा तीन दिवस लांबली. जुनीं सतरा इंची चाकें पुतण्यानें सुदैवानें विकलीं नव्हतीं. त्यांवर ९१ डब्ल्यूचे चार नवे टायर चढविले, बॅलन्सिंग व अलाइनमेंट करून घेतली, स्टेपनींतली हवाहि पाहिली. निघण्याच्या दिवशीं पहांटे, चाकें थंड असतांना, दाराच्या चौकटीवरच्या पट्टींत भरल्या गाडीसाठीं जो आंकडा दिला आहे तेवढी हवा भरली. ती पट्टी त्यानें त्या दिवशीं प्रथमच वाचली. अठरा इंची चाकें सध्यां माझ्या व्हरांड्यांत एकावर एक ठेवलेलीं आहेत, आणि धाकटा नातू त्यांवर बसून पाढे म्हणतो.