पक्ष्यांच्या गुहेखालचं गाव

मागच्या भागात आपण जॉर्जियातल्या गदाच्रिली गोरा या टेकाडापर्यंत पोचलो होतो. तिथल्या खापरांत मुरलेल्या द्राक्षरसाच्या खुणा इसवी सनापूर्वी ६००० च्या आसपासच्या आहेत. मग त्याहून जवळजवळ दोन हजार वर्षांनी अलीकडच्या, शेजारच्या आर्मेनियातल्या अरेनी नावाच्या लहानशा गावासाठी अख्खा एक भाग कशासाठी? जॉर्जियात वाइनचा डाग सापडला होता. अरेनीत वाइन करायची जागाच सापडली, मांडलेली होती तशी.

अरेनी आर्मेनियाच्या दक्षिण भागात, वायोत्स द्झोर प्रांतात, अर्पा नदीच्या काठी आहे. उंची समुद्रसपाटीपासून सुमारे हजार मीटर. हिवाळा कडक, उन्हाळा कोरडा. येरेवानहून इराणच्या सीमेकडे जाणारा हमरस्ता गावातूनच जातो. गावाजवळ नदीच्या वरच्या अंगाला कड्यात एक गुहा आहे. लोक तिला पक्ष्यांची गुहा म्हणतात. पुरातत्त्वाच्या दप्तरी तिचं नाव ‘अरेनी-१’. २००७ पासून बोरिस गास्पार्यान, ग्रेगरी अरेश्यान आणि रॉन पिन्हासी यांच्या पथकाने इथे उत्खनन केलं.

गुहेत सापडलं ते मातीने लिंपलेलं एक उथळ कुंड. रुंदी सुमारे एक मीटर, काठ वीतभरही उंच नाहीत. त्यात घड पसरायचे आणि पायांनी तुडवायचे. कुंडाचा तळ एका बाजूला उतरता केलेला आहे, म्हणजे रस आपोआप वाहत जाऊन जमिनीत पुरलेल्या खोल रांजणात पडतो. या रांजणात पन्नासेक लिटर रस मावेल. शेजारी साठवणीची मडकी आणि प्यायचे पेले. भोवती द्राक्षाच्या बिया, पिळून उरलेला चोथा, वाळलेल्या वेलींचे तुकडे. काळ इसवी सनापूर्वी ४१०० च्या आसपासचा, म्हणजे ताम्रपाषाण युगातला. घड आत येण्यापासून पेला भरेपर्यंतच्या साऱ्या पायऱ्या एकाच ठिकाणी हाती लागाव्यात, हे पुरातत्त्वात फार क्वचित घडतं. मला अरेनीचं मोल ‘सर्वांत जुनी’ या बिरुदापेक्षा यातच अधिक वाटतं. बिरुदं पुढच्या उत्खननात हलतात.

खापरांवर माल्विडिन हे रंगद्रव्य मिळालं. काळ्या द्राक्षांना आणि लाल वाइनला रंग येतो तो मुख्यतः त्याच्यामुळे. पण माल्विडिन डाळिंबातही असतं, आणि आर्मेनिया हा तर डाळिंबाचा देश. त्यामुळे एवढ्यावर भागणारं नव्हतं. गुहेत डाळिंबाचा अवशेष मिळाला नाही आणि द्राक्षाच्या बिया मात्र मिळाल्या, म्हणून निष्कर्ष ठाम झाला. संशोधकांनी तो जानेवारी २०११ मध्ये जाहीर केला.

सहा हजार वर्षं हा चोथा टिकला कसा? गुहेतली हवा थंड, कोरडी आणि वर्षभर जवळपास सारखी. त्यावर शेळ्यामेंढ्यांच्या लेंड्यांचा जाड थर साचत गेला आणि खालचं सगळं बंदिस्त झालं. याच थराखाली २००८ मध्ये दियाना झारदार्यान या तरुण संशोधिकेला चामड्याचा एक जोडा सापडला. जोडा म्हणजे एकच, उजव्या पायाचा. गाईच्या अखंड चामड्याचा, चामडी वादीने आवळलेला आणि आत गवत भरलेला. तो इसवी सनापूर्वी सुमारे ३५०० चा, म्हणजे गिझाच्या पिरॅमिडहून हजारेक वर्षांनी जुना. गुराख्यांनी पिढ्यान्‌पिढ्या आपली जनावरं त्या गुहेत बसवली नसती, तर आज आपल्या हाती यातलं फारसं काही लागलं नसतं.

कुंडाच्या आसपास दफनंही आहेत. मातीच्या भांड्यांत ठेवलेल्या तीन किशोरवयीन मुलांच्या कवट्या मिळाल्या. एका कवटीत मेंदूचा अंश शाबूत होता. पेले या दफनांपाशीच होते. त्यावरून इथली वाइन रोजच्या जेवणासाठी नसून मृतांच्या विधीसाठी केली जात असावी, असं अरेश्यान यांचं म्हणणं आहे. मला ते पटतं. अंधाऱ्या गुहेत घड वाहून न्यायचे तर कारण तेवढंच मोठं हवं.

‘सहा हजार वर्षांची अखंड परंपरा’ हे वाक्य पर्यटनाच्या पत्रकात शोभतं. प्रत्यक्षात वाट तुटत-जुळत आली आहे. इसवी सनापूर्वी सातव्या शतकात उरार्तूच्या राज्यात, येरेवानजवळच्या तैशेबाइनी किल्ल्याच्या तळघरांत वाइनचे शेकडो रांजण होते. पुढे ख्रिस्ती धर्म आला आणि द्राक्षाला देवळात जागा मिळाली. अरेनीतलं देवमातेचं चर्च १३२१ चं, मोमिक या नामांकित वास्तुकाराचं. ऑगस्टच्या मध्यावर, देवमातेच्या सणाच्या रविवारी, आर्मेनियातल्या चर्चांत द्राक्षांना आशीर्वाद दिला जातो. त्याआधी नवी द्राक्षं तोंडात घालायची नाहीत. नवान्न देवापुढे ठेवल्याशिवाय आपल्याकडे खात नाहीत, तसंच हे.

मोठा खंड पडला तो सोव्हिएत काळात. मॉस्कोच्या वाटणीत वाइन जॉर्जियाकडे गेली आणि आर्मेनियाच्या वाट्याला ब्रँडी आली. द्राक्षं भट्टीसाठी पिकू लागली, तिथे किलोंचा हिशेब. चवीची पर्वा कोण करणार? १९८५ मध्ये गोर्बाचोव्ह यांची दारूविरोधी मोहीम आली आणि सोव्हिएत संघात ठिकठिकाणी द्राक्षबागा उखडल्या गेल्या. अरेनीत वाइन तगली ती घरांत. गावकरी घरच्यापुरती करत राहिले आणि उरलेली हमरस्त्यावर मांडून विकत राहिले, कोकाकोलाच्या जुन्या बाटल्यांत भरून. इराणकडे परतणाऱ्या ट्रकवाल्यांना सीमेवर ती खपवता यावी म्हणून बाटली कोलाची, असं सांगतात.

गावाच्या नावाचंच द्राक्ष आहे, अरेनी. काळं, जाड सालीचं, त्यामुळे उंचावरचं ऊन आणि रात्रीचा गारठा दोन्ही सोसणारं. एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा या मुळं खाणाऱ्या किडीने युरोपातल्या बागा उद्ध्वस्त केल्या. तेव्हापासून जगभर बहुतेक वेली अमेरिकी खुंटावर कलम केलेल्या असतात. वायोत्स द्झोरमध्ये ती कीड पोचली नाही. इथली वेल अजून आपल्या स्वतःच्या मुळांवर उभी आहे.

नव्या पिढीने हे ओळखलं. २००९ पासून गावात ऑक्टोबरच्या आरंभी वाइनचा उत्सव भरू लागला. अरेनीजवळच्या रिंद गावात झोरिक घारिब्यान यांनी याच जातीची बाग लावली. २०१० च्या हंगामापासूनची त्यांची वाइन परदेशातही नावाजली गेली. ती त्यांना ‘करास’मध्ये मुरवायची होती. करास म्हणजे तिथला मातीचा मोठा रांजण. पण तेवढा रांजण घडवून भाजणारे कुंभार आर्मेनियात उरले नव्हते. मग त्यांनी गावोगावच्या घरांतून, तळघरांतून जुने करास गोळा केले. असा रांजण कसा घडवतात, भट्टीत कसा लावतात आणि आतून मेण का देतात, हे पाहायला पुढच्या आठवड्यात पुन्हा जॉर्जियात जाऊ. तिथे ते काम करणारे हात अजून आहेत.